पनवेल ते पनवेल, गोवामार्गे

पनवेलहून निघून पनवेलला पोचायला मला गेल्या आठवड्यात दहा तास लागले. वाटेत गोवा लागला. तिथे मी समुद्र पाहिला नाही, मासळी खाल्ली नाही, एकही चर्च पाहिलं नाही. पण मिरजेला परतल्यापासून आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई "गोवा कसा वाटला?" म्हणून विचारते आहे, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगताना माझा घसा बसला आहे. तेव्हा एकदाच सगळं लिहून ठेवते. ज्यांना पटणार नाही त्यांनी मला पुन्हा विचारू नये.

मी भूगोलाची शिक्षिका. आता निवृत्त. नोकरीची पहिली सहा वर्षं पनवेलच्या एका शाळेत काढली. शाळेच्या कार्यालयात हिरा म्हात्रे नावाची माझ्याच वयाची मुलगी कामाला होती. तिचं गाव खाडीपलीकडे. मिठागरं, भातशेती, मागे डोंगर. रविवारी ती मला घरी घेऊन जायची आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) कालवण खाऊ घालायची. ते गाव आता नाही. तिथे नवा विमानतळ झाला. डोंगर कापला, नदीला दुसऱ्या वाटेने जायला लावलं आणि गावाला उचलून वसाहतीत नेऊन बसवलं. हिराचं घर आता तीन मजली आहे, जिन्याला चकचकीत फरशी आहे, पण खाडीचा वारा येत नाही म्हणून ती उन्हाळाभर कुरकुरत असते.

हिराच्या भाचीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं म्हणून मी पनवेलला गेले. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी स्टेशनवर उतरले, रिक्षा केली, वसाहतीत पोचले. मांडव पडला होता. मला वाटलं, आता मला चहा मिळेल. चहाऐवजी मला थेट एका बैठकीत नेऊन बसवलं.

बैठकीत हिरा, तिचा भाऊ नामदेव म्हणजे नवरीचा बाप, आणि मधोमध खुर्चीवर पारूमावशी. पारूमावशी ही त्यांची धवलारीण (लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी मानाची बाई). या घरांत तिच्याशिवाय पान हलत नाही. ती धवल्यांतून एकेका देवाला नावानं हाक मारते, देव येतात, मग हळद लागते. पण त्याआधी प्रत्येक देवाला त्याच्या जागेवर जाऊन आवतण (आमंत्रण) द्यावं लागतं, आणि तेही तिनंच.

"बाकीचे देव झाले," हिरा म्हणाली. "फक्त शिवेवरचा राहिलाय."

शिवेवरचा देव म्हणजे गावाच्या हद्दीवरचा, उंबराखालचा शेंदूर लावलेला धोंडा. मी म्हटलं, "तो तर मी मघाशीच पाहिला. तुमच्या नव्या देवळात आणून बसवलाय की."

पारूमावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नापास मुलाकडे पाहत असे.

"दगड आला," ती म्हणाली. "देव नाय आला. त्यो तिथंच हाय."

"तिथं म्हणजे?"

उत्तर नामदेवनं दिलं. भराव टाकायचं काम चाललं होतं तेव्हा तो तिथेच डंपर चालवत होता. गटाराच्या तोंडापासून पावलं मोजून, नंतर खांब मोजून त्यानं जागा ध्यानात ठेवली होती. इमारत उभी राहिल्यावर वसाहतीतले जे लोक आत कामाला लागले, त्यांच्याकडून त्यानं खात्री करून घेतली होती. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, आपला देव आता पट्टा नंबर तीनवर हाय. सामान येतं ना गोल फिरत, त्यो पट्टा. जिथं वळण घेतो, बरोब्बर तिथं."

मी पुष्कळ विमानतळ पाहिलेत असं नाही. मुलगी बेंगळुरूला असते म्हणून तीनदा विमानात बसले आहे. पण तेवढ्यावरही मला प्रश्न लगेच कळला. सामानाचा पट्टा असतो तो आगमनाच्या बाजूला, आतल्या दालनात. तिथे बाहेरून कुणालाही जाता येत नाही. दारावर जवान उभा असतो. त्या दालनात शिरायचा एकच रस्ता आहे: आकाशातून उतरणं.

"व्हय," नामदेव म्हणाला. "म्हंजे कुटूनतरी यायला लागतं."

त्यांनी सगळं ठरवलं होतं. सकाळच्या विमानानं गोव्याला जायचं, दुपारच्या विमानानं परत यायचं, पट्ट्यावर आवतण द्यायचं, दिवेलागणीला हळद. पारूमावशी, सोबत घरची मानकरीण म्हणून आत्या, म्हणजे हिरा, आणि तिसरं तिकीट माझं होतं.

"माझं कशाला?"

"तू भूगोलाची ना," हिरा म्हणाली. "आणि तीनदा बसलीयस."

मी म्हणाले की हा शुद्ध वेडेपणा आहे. देव असलाच तर तो चार किलोमीटर पलीकडून ऐकू शकतो. मग नामदेवनं सांगितलं की त्याच्या थोरल्या मुलाच्या लग्नात काम चालू होतं, आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून पत्र्याच्या कुंपणाबाहेरूनच हाक मारून आवतण दिलं होतं. त्या मुलानं मांडवात खुर्ची मोडून हात मोडून घेतला आणि सप्तपदी प्लास्टरमध्ये चालला. पारूमावशीनं तेव्हाच सांगून टाकलं होतं की पुन्हा कुंपणाबाहेरून हाक मारणार नाही.

"शिवेवरच्याला आवतण नाय, तं मी तोंड उघडनार नाय," ती आताही म्हणाली. आवाज चढवून नव्हे. भाताला मीठ नाही असं सांगावं, तसं.

प्रणाली दारात उभी राहून ऐकत होती. दोन्ही हात मेंदीनं भरलेले, नाक खाजत होतं म्हणून ती ते दाराच्या चौकटीला घासत होती. "मावशी, जाल ना?" तिनं मला विचारलं. तिचा चेहरा पाहून मी हो म्हणाले. एवढंच कारण. देवाधर्माशी माझा काही संबंध नाही.

सकाळी साडेसहाला नामदेवनं आम्हाला विमानतळावर सोडलं. इमारत भव्य आहे. खांब कमळासारखे वर उमलत गेलेले, उजेड भरपूर, फरशीत तोंड दिसतं. पारूमावशीनं फरशीत तोंड पाहिलं आणि पदर नीट केला. तिचा वेष म्हणजे आगरी पद्धतीनं गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, केसांत अबोली, काखोटीला पिशवी. पिशवीत हळदीकुंकवाचे तांदूळ, एक सुपारी, लग्नाची पत्रिका आणि घरच्या माडाचा शेंडी राखलेला नारळ.

दारावरच्या जवानानं तिचं आधार कार्ड पाहिलं. "माताजी, कहाँ जाना है?"

"घरी."

"टिकट तो गोवा का है."

"व्हय. गोव्यावरशी घरी."

जवानानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहू लागले. त्यानं कार्ड पुन्हा न्याहाळलं आणि पत्त्यावर बोट ठेवून विचारलं, हे गाव कुठे येतं? पारूमावशीनं त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं. तो एक पाऊल मागे सरकला. आम्ही आत गेलो.

पहिली अडचण नारळाची. नारळ हातातल्या सामानात नेता येत नाही, तो मोठ्या सामानात द्यावा लागेल, असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. आमच्याकडे मोठं सामान नव्हतं. शेवटी माझी भाजीची कापडी पिशवी रिकामी करून तिच्यात नारळ घातला, तोंड सुतळीनं बांधलं आणि वजनकाट्यावर ठेवला. मुलगी गोड होती, पण गोंधळली होती.

"मॅम, चेक-इनमध्ये फक्त एक कोकोनट? गोव्याला?"

"परत आणणार आहोत," मी म्हणाले. यानं तिचं समाधान झालं नाही.

"बॅग तुम्ही स्वतः पॅक केलीय का?"

"नारल कोन पॅक करतंय?" पारूमावशी म्हणाली. "देवानं केलाय."

मुलीनं क्षणभर विचार केला आणि होकाराचं बटण दाबलं. मग आपण होऊन 'नाजूक' असं चिकटपत्र पिशवीवर लावलं. मी तिला सांगायला गेले की तो शेवटी फोडायचाच आहे, पण हिरानं मला कोपर मारलं.

सुरक्षा तपासणीत पारूमावशीच्या बांगड्या वाजल्या, जोडवी वाजली, कमरेची चांदीची किल्ल्यांची साखळीही वाजली. पडद्यामागच्या महिला जवानानं तिला बराच वेळ आत ठेवलं. बाहेर आली तेव्हा दोघी हसत होत्या. ती पोरगी बिहारची, तिचं लग्न वैशाखात होतं. पारूमावशीनं तिला हळदीचं आमंत्रण दिलं होतं, पत्ता समजावून सांगितला होता, आणि तिच्या हातावर चार तांदूळ ठेवले होते. आमच्याकडे तांदूळ मोजकेच होते म्हणून हिरा चिडली.

मग आम्ही विमानाची वाट पाहत काचेसमोर बसलो, आणि इथे माझा भूगोल संपला. मला वाटलं होतं, मी या दोघींना विमानतळ दाखवीन. झालं उलटंच. माझ्या डोळ्यांना फाटे, फलक, बाण दिसत होते, तरी प्रसाधनगृह शोधताना मी दोनदा चुकले. पारूमावशीनं एकही फलक वाचला नाही. तिला वाचता येत नाही. काचेतून टेकडीची उरलेली कड आणि खाडीचं पाणी पाहून तिनं दिशा धरली आणि म्हणाली, "ही चहाची दुकानं हायत ना, ती पाटलांचे खळ्यात हायत. तुजी खुर्ची तळ्यात हाय."

मी नकळत पाय वर घेतले.

"आन् ती झाडूवाली उभी हाय ना, तिथं आमचा चुला." ती झाडूवाली म्हणजे फरशी पुसायच्या यंत्रावर बसलेली बाई होती, शांतपणे पारूमावशीच्या स्वयंपाकघरातून फेऱ्या मारत होती. पारूमावशी तिच्याकडे लक्ष ठेवून होती. कोपरा नीट पुसला जात नाही, असं तिचं मत पडलं.

विमानात तिला खिडकी दिली. विमान धावायला लागलं तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. हात रापलेला, मिठागरात काम केलेला. वर गेल्यावर ती खाली पाहत राहिली. खाडी, खारफुटी, पलीकडे न्हावा शेव्याचे कंटेनर मुलांनी ठोकळे मांडून ठेवावेत तसे. आणि मधोमध ती लांब, काळी, सपाट पट्टी.

"डोंगर कंचा गो?" हिरानं वाकून विचारलं.

"यो काय." पारूमावशीनं पट्टीवर बोट ठेवलं. "निजवलाय त्याला."

हवाईसुंदरी पाणी घेऊन आली. कुणीच घेतलं नाही. मी तीस वर्षं फळ्यावर डोंगर काढले, खडूनं छायाही दिली. तो निजलेला डोंगर पाहून मला फार वाईट वाटलं, आणि ते मी इथे लपवत नाही.

गोव्यात उतरलो. आमच्या विमानातून उतरलेले बाकीचे सगळे गवती टोप्या आणि चड्ड्या घालून पट्ट्याभोवती उभे राहिले. पहिली आली ती आमची पिशवी. एकटीच, ऐटीत, वळणावर जराशी कलंडून. एक तरुण म्हणाला, "आंटी, गोव्यात नारळ मिळतात हां." त्याचे मित्र हसले. हिरानं त्याला गंभीरपणे सांगितलं, "आम्हाला ठाऊक आहे. हा आमचा आहे."

बाहेर पडलो. दारासमोरच्या टॅक्सीवाल्यांनी घेरलं. कुठे जायचं, कुठला किनारा? "आत," मी म्हणाले. आम्ही एका दारानं बाहेर पडलो, उन्हात अंदाजे शंभर पावलं चाललो आणि दुसऱ्या दारानं आत शिरलो. माझा गोवा तो एवढाच. त्या शंभर पावलांत एक माड होता. पारूमावशीनं त्याच्याकडे पाहून मान हलवली. नारळ बारीक आहेत म्हणाली.

परतीच्या काउंटरवरचा माणूस कोकणी वळणाचं मराठी बोलत होता. पिशवीवरचा सकाळचा कागद पाहून म्हणाला, "हो नाल्ल (नारळ) आत्ताच आयलो आणि परत वता (जातो)?"

"त्याला नाही आवडलं," मी म्हणाले. मला आता मजा यायला लागली होती. 

मजा फार टिकली नाही. फलकावर आमच्या विमानापुढचा आकडा बदलला. साडेबाराचं विमान दोन वाजता येणार होतं. मग अडीच. दिवेलागणीला हळद. तिकडे मांडवात पाहुणे जमायला लागले होते. नामदेवचा दर दहा मिनिटांनी फोन. "निघाला का?" "नाही." मग फोन प्रणालीचा. ती नुसतीच नाक ओढत राहिली. हिरा उठून विमान कंपनीच्या मुलाकडे गेली आणि म्हणाली, "आमचं लग्न आहे."

मुलगा म्हणाला, "कोणाचं, मॅडम?"

"माझ्या भाचीचं."

"ती या फ्लाइटला आहे का?"

"नाही, देव आहे."

"नाव काय, मॅडम?" त्यानं प्रवाशांची यादी उघडली.

हिरा रडायला लागली. साठीची बाई विमानतळावर हमसून रडते आहे आणि समोरचा मुलगा यादीत देव शोधतो आहे, हे दृश्य मला हसण्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला. राग कोणाचा ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता सांगते. ज्यांच्या गावात हा सगळा पसारा उभा राहिला, त्यांना आपल्याच शिवेवर जायला गोव्याहून यावं लागतं, याचा राग. त्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता. तो बिचारा पेपर नॅपकिन घेऊन आला.

पारूमावशी मात्र डुलकी काढत होती. डोळे न उघडता म्हणाली, "त्यो थांबल. मोप वर्सं थांबलाय."

विमान आलं, उडालं, उतरलं. पावणेचार झाले होते. आम्ही जवळजवळ धावतच सामानाच्या दालनात पोचलो आणि फलक पाहून मी कपाळाला हात लावला. गोव्याचं सामान पट्टा क्रमांक एकवर. तीन नंबरचा पट्टा कोपऱ्यात, बंद, रिकामा, त्यावर एक चिटपाखरू नाही.

"बरं झालं," पारूमावशी म्हणाली. "निवांत हाय."

एकवरून नारळ उचलला. तीनवर गेलो. ती पट्ट्याच्या कडेनं हळूहळू चालत गेली, वळणापाशी थांबली, चपला काढल्या. हिरानं काढल्या. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मीही काढल्या. सगळ्यांत एकटीनंच चपला घालून उभं राहणं जास्त विचित्र दिसलं असतं. पारूमावशीनं पिशवीतून नारळ काढला, कुंकू लावलं, वळणावर ठेवला. शेजारी पत्रिका, वर सुपारी. उरलेले तांदूळ टाकले. आणि हात जोडून, शेजारच्या बाईशी बोलावं तशा आवाजात म्हणाली:

"राजा, मी पारू. नामूचे पोरीची हलद हाय आज. मागचे टायमाला बाहेरशी हाक मारली, त्याची चूक मानते. पत्र्याचं कुंपन होतं. आता आत आलंव. तू पन ये. पोरीला संबाल."

तिचं एवढं बोलून झालं, आणि पट्टा सुरू झाला.

आधी भोंगा वाजला, दिवा लुकलुकला, आणि पारूमावशीसमोरून नारळ, पत्रिका, सुपारी असं सगळं सरकत निघालं. हिरा किंचाळली. शास्त्रीय खुलासा मी लगेच दिला: दुसरं कुठलं तरी विमान उतरलं असणार, त्याचं सामान तीनवर लागलं असणार. कुणी ऐकलं नाही. नारळ शांतपणे भिंतीपर्यंत गेला, रबरी पट्ट्यांच्या पडद्याला शेंडी लावून आत शिरला आणि दिसेनासा झाला.

आम्ही तिघी अनवाणी उभ्या. मी, जी नवस बोलत नाही, उपास धरत नाही, ती त्या रबरी पडद्याकडे टक लावून पाहत होते.

पडदा हलला. एक निळी सूटकेस आली. मग एक गिटारची पेटी. मग नारळ आला.

त्याच्या शेंडीला लाल टॅग बांधलेला होता. बड्या प्रवाशांचं सामान सगळ्यांच्या आधी उतरवायचं असतं, त्यासाठी जो बांधतात, तो 'प्रायॉरिटी'चा टॅग. पत्रिका जाग्यावर होती, पण उघडून नीट मिटल्यासारखी. आणि पडदा पडायच्या आत मला पलीकडे सामान चढवणाऱ्या कुणाचे तरी हातमोजे घातलेले दोन हात दिसले. जोडलेले.

तो कोण होता, वसाहतीतला की आसपासच्या गावातला, मला माहीत नाही. पारूमावशीनं विचारलंही नाही. तिनं नारळ उचलला, पदराखाली घेतला आणि म्हणाली, "चला. आता मागं बगायचं नाय. त्यो मागनं येतो. बगितलं तं थांबतो."

आम्ही निघालो. दाराच्या अलीकडे पोचतो न पोचतो तोच मागून हाक आली. "मॅडम! ओ मॅडम! आपका पर्स!"

पर्स माझी होती. चपला घालताना पट्ट्याच्या कडेवर ठेवली होती. तिच्यात आधार कार्ड, चष्मा, मिरजेचं परतीचं तिकीट. मला वळायला किती वेळ लागला असता? अर्धा सेकंद. पण शेजारी हिरा मान ताठ करून चालली होती, आणि मला प्रणालीचं दारावर घासलेलं नाक आठवलं. मी वळले नाही. उजवा हात पाठीमागे लांब केला, पंजा उघडला, आणि तशीच चालत राहिले. मागून बूट धावत आले. पर्स हातात पडली. "थँक्यू, भाऊ," मी समोर पाहतच म्हणाले. त्या भल्या माणसाचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. माझ्याविषयी त्याचं जे मत झालं असेल ते मला मान्य आहे.

बाहेर टॅक्सीच्या रांगेशी हातात टॅब घेतलेली मुलगी उभी होती. "किती जण?"

"चार," मी म्हणाले.

हिरानं माझ्याकडे पाहिलं. मुलीनं आम्हाला मोजलं, मागे कुणी दिसतंय का म्हणून वाकून पाहिलं, आणि चार लिहिले. आम्ही तिघी मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. पुढची मोकळी. ड्रायव्हर म्हणाला, एक जण पुढे या ना, ऐसपैस बसा. पारूमावशी म्हणाली, "बसलाय." वसाहतीपर्यंत तो ड्रायव्हर फार सावकाश आणि फार नीट गाडी चालवत आला.

हळद वेळेवर लागली. पाटावर प्रणाली, भोवती बायका, मांडवाबाहेर बँजोवाले (वाजंत्री) चूप करून बसवलेले. पारूमावशीनं धवले धरले. ती एक ओळ म्हणायची, बायका तीच मागून म्हणायच्या. एकेक देव आपापल्या ठिकाणासकट यायचा: टेकडीवरची देवी, खाडीकाठची, विहिरीपाशीची. शिवेवरच्या देवाची ओळ मला पाठ होती, तरुणपणी कितीदा ऐकलेली. त्यात त्याला उंबराखाली बसलेला राजा म्हणतात.

पारूमावशी त्या ओळीशी आली आणि थांबली. सगळ्या बायका थांबल्या. हिरानं माझा दंड धरला. उंबर तर तोडून किती वर्षं झाली.

मग त्याच चालीत, तेवढ्याच संथ आवाजात, पारूमावशीनं म्हटलं की तीन नंबरच्या पट्ट्यावर, वळणावर बसलेल्या राजा, ये.

एकही बाई हसली नाही. पन्नासेक बायकांनी ती ओळ जशीच्या तशी मागे म्हटली, पट्ट्यासकट, नंबरासकट. नामदेव खांबाला टेकून उभा होता. त्यानं टोपी काढून तोंडावर धरली. मग नारळ फुटला, आणि प्रणालीच्या गालाला हळद लागली.

लग्न छान झालं. कुणाचा हात मोडला नाही. मी आगगाडीनं मिरजेला परत आले. वाटेत विचार करत होते की आयुष्यभर मुलांना मी शिकवलं, ठिकाणं पुसली गेली की नकाशात दुरुस्ती करतात. ती कोण करतं, हे कधी सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

काल बेंगळुरूहून मुलीचा फोन आला. दिवाळीला येताना ती पनवेलला उतरून पुढे गाडीनं येणार आहे. मी तिला सांगितलं आहे: सामान कुठल्याही पट्ट्यावर येऊ दे, आधी तीन नंबरवर जा. वळणापाशी चपला काढ, कोणाची मुलगी ते सांग. आणि दारातून बाहेर पडताना कुणीही हाक मारली तरी मागे बघू नकोस. पर्स मात्र आधीच गळ्यात अडकव.